मोबाइल आपले बोलणे कसे ओळखतो? फोनमधल्या ‘स्पीच रेकग्निशन’ सेवेची सोपी माहिती

“मोडनिंबला कांद्याला आज साडेबाराशे भाव.” सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गावर मोडनिंब आहे. तिथल्या बाजारातून असा निरोप व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल, तर जोडाक्षरे शोधत टाइप करण्यापेक्षा कीबोर्डवरचा माइक दाबून बोलणे सोपे पडते. दोन-तीन सेकंदांत अक्षरे उमटतात आणि निरोप जातो.

पण या पाच शब्दांत फोनची बरीच परीक्षा होते. गावाचे नाव आहे, त्याला चिकटलेला ‘ला’ आहे आणि ‘साडेबाराशे’ हा खास मराठी आकडा आहे. त्यातले ‘साडे’ गळाले, तर १,२५० चा भाव १,२०० होतो. फरक क्विंटलमागे ५० रुपयांचा. माल ४० क्विंटल असेल तर २,००० रुपयांचा. गंमत अशी की चुकलेले वाक्यही वाचायला अगदी बरोबर वाटते.

फोनमध्ये आधीपासून असलेली ही आवाज ओळखणारी सेवा म्हणजे काय, ती कशी चालते, मराठीत कुठे अडखळते, आपला आवाज कुठे जातो आणि तिच्यावर किती विसंबावे, हे एकेक करून पाहू.

थोडक्यात

- ही सेवा माणसासारखे ‘ऐकत’ नाही. कोणते शब्द बोलले गेले असण्याची शक्यता सर्वांत जास्त, याचा ती अंदाज बांधते.
- एकच सेवा फोनमधली अनेक ॲप्स वापरतात. ती व्हायरस नाही.
- आवाज कधी फोनमध्येच हाताळला जातो, कधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो. यातले काय घडते ते फोन, भाषा आणि सेटिंगवर ठरते.
- आकडे, नावे आणि औषधांचे प्रमाण पुन्हा वाचल्याशिवाय पाठवू नये.

ही सेवा म्हणजे नेमके काय?

गावात प्रत्येक घरी पिठाची गिरणी नसते. सगळे एकाच गिरणीवर दळण नेतात. फोनमधली ही सेवा तशीच आहे. नकाशाचे ॲप, शोधाचे ॲप, भाषांतराचे ॲप, कीबोर्ड यांपैकी कुणालाही बोललेले शब्द लिहून हवे असतील, तर ते फोनमधल्या सामाईक सेवेकडे आवाज सोपवतात आणि अक्षरे परत घेतात. अँड्रॉइडमध्ये इतर ॲप्सना ही सोय मिळते.

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ती ‘स्पीच रेकग्निशन अँड सिंथेसिस’ या नावाने दिसते. आधी तिचे नाव ‘स्पीच सर्व्हिसेस बाय गूगल’ होते. आपण कधी डाउनलोड न केलेले हे ॲप प्ले स्टोअरमध्ये स्वतःच अपडेट होताना दिसते, म्हणून अनेकांना शंका येते. पण ते फोनसोबत आलेले सिस्टिम ॲप आहे. सॅमसंगच्या फोनमध्ये कंपनीची स्वतःची व्हॉइस इनपुट सेवाही असते. आयफोनमध्ये हेच काम ‘डिक्टेशन’ करते.

नावांचा गोंधळ होऊ नये म्हणून चार गोष्टी वेगळ्या ओळखून ठेवा.

- स्पीच रेकग्निशन: बोललेल्याचे लिखित अक्षरांत रूपांतर.
- स्पीच सिंथेसिस: याच्या उलट, लिहिलेले वाचून दाखवणे.
- असिस्टंट: ओळखलेल्या वाक्याचा अर्थ लावून काम करणारा कार्यक्रम. उदाहरणार्थ, गजर लावणे किंवा फोन जोडून देणे.
- व्हॉइस नोट: आवाजाचे साधे रेकॉर्डिंग. यात अक्षरे तयार होत नाहीत.

व्हॉट्सॲपमध्ये शेवटच्या मुद्द्यावर हमखास फसगत होते. मेसेजच्या चौकटीशेजारचा माइक दाबला की व्हॉइस नोट रेकॉर्ड होते. खाली कीबोर्डवर असलेला माइक दाबला की बोललेले टाइप होते. दोन्ही माइक सारखेच दिसतात, कामे मात्र वेगळी. आलेली व्हॉइस नोट अक्षरांत दाखवण्याची सोय व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. हे काम फोनमध्येच होते, मात्र सुरुवातीला ती मोजक्याच भाषांसाठी होती.

बोललेले अक्षरांत कसे उतरते?

माइकमध्ये शिरलेला आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. फोन ते आकड्यांत मोजतो. बोलणे ओळखण्यासाठी साधारणपणे सेकंदाला १६,००० नोंदी वापरल्या जातात. मग या नोंदींचे सुमारे २५ मिलिसेकंदांचे छोटे तुकडे केले जातात. दर १० मिलिसेकंदांनी नवा तुकडा सुरू होतो, म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्याचे जवळपास १०० तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यात कोणत्या उंचीचे ध्वनी किती जोरात आहेत, याचा आराखडा काढला जातो.

पुढचे काम भाषेचे. हजारो तासांचे रेकॉर्डिंग आणि त्यांचे लिखित रूप दाखवून शिकवलेले मॉडेल या आराखड्यांवरून ध्वनी ओळखते. पण नुसत्या ध्वनीवर भागत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ बोलताना जवळजवळ सारखेच ऐकू येतात. तेव्हा आजूबाजूच्या शब्दांवरून निवड होते. ‘महाराष्ट्र’ नंतर ‘दिन’ येण्याची शक्यता जास्त, हे मॉडेलला भरपूर मजकुरातून कळलेले असते.

बोलत असताना स्क्रीनवरचे शब्द मध्येच बदलतात, त्याचे कारणही हेच. पुढचा शब्द ऐकल्यावर मागचा अंदाज दुरुस्त होतो. म्हणून एकेक शब्द तोडून बोलण्यापेक्षा पूर्ण वाक्य सलग बोलले, तर निकाल बहुधा चांगला येतो.

शेवटी एक टप्पा उरतो तो सजावटीचा. ‘साडेबाराशे’ हा शब्द तसाच ठेवायचा की ‘१२५०’ लिहायचे, हे या टप्प्यात ठरते. सव्वा, दीड, अडीच, पावणे आणि साडे ही आपली रोजची मापे. इंग्रजीत सव्वाशे किंवा अडीचशेसाठी असा एकच शब्द नाही. त्यामुळे मराठी आकड्यांसाठी यंत्राला वेगळे नियम शिकावे लागतात.

आवाज फोनमध्येच राहतो की बाहेर जातो?

दोन्ही घडते. सुरुवातीच्या काळात आवाज इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जायचा आणि तिथून अक्षरे परत यायची. आवाज ओळखणारी मॉडेले एवढी मोठी होती की ती फोनमध्ये मावत नसत.

मार्च २०१९ मध्ये गूगलने आपल्या जीबोर्ड या कीबोर्डसाठी पूर्णपणे फोनमध्ये चालणारे मॉडेल जाहीर केले. सर्व्हरवरच्या जुन्या पद्धतीला सुमारे २ जीबीचा साठा लागत होता. नवे मॉडेल सुमारे ८० एमबीपर्यंत आवळलेले होते. मात्र ते आधी पिक्सेल फोनमध्ये आणि अमेरिकन इंग्रजीसाठी आले. २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये फक्त फोनमध्येच आवाज ओळखून देणारी सेवा मागण्याची सोय ॲप बनवणाऱ्यांना मिळाली.

आपल्या फोनमध्ये मराठीसाठी काय घडते? तपासण्याचा सोपा मार्ग आहे. एअरप्लेन मोड सुरू करा, वायफाय बंद असल्याची खात्री करा आणि कीबोर्डचा माइक दाबून मराठीत बोला. अक्षरे उमटली, तर काम फोनमध्ये होत आहे. ‘इंटरनेट नाही’ असा संदेश आला, तर आवाज सर्व्हरवर जात होता हे नक्की. फोनमध्ये दोन्ही सोयी असू शकतात, हे मात्र लक्षात ठेवावे. ऑफलाइन चालते म्हणजे इंटरनेट असतानाही आवाज बाहेर जात नाही, असा निष्कर्ष यातून निघत नाही.

मराठी कधी आली?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात मराठी मातृभाषा असणारे सुमारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. हिंदी आणि बंगालीनंतर मराठीचा तिसरा क्रमांक लागतो. तरीही बोलून टाइप करण्याची सोय मराठीला उशिराच मिळाली. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये एकदम ३० भाषा वाढवल्या. त्यात भारतातल्या आठ होत्या: मराठी, बंगाली, गुजराती, कन्नड, मल्याळम, तमिळ, तेलुगू आणि उर्दू. हिंदी त्याआधीच होती. वर्षभराने, ऑगस्ट २०१८ मध्ये, गूगल असिस्टंट मराठीत बोलू लागला.

उशिराचे मुख्य कारण म्हणजे शिकवणीचे साहित्य. यंत्राला बोलणे आणि त्याचे अचूक लेखन, दोन्ही जोडीने लागते. इंग्रजीत असे साहित्य भरपूर आहे. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘व्हिस्पर’ मॉडेलच्या प्रशिक्षणात ६ लाख ८० हजार तासांचा आवाज वापरला होता. त्यात एकट्या इंग्रजीचा वाटा सुमारे ४ लाख ३८ हजार तासांचा होता. त्यापुढे मराठीचा वाटा नगण्य होता. भाषा बोलणारे किती, यापेक्षा तिचे लिहून काढलेले बोलणे किती उपलब्ध आहे, यावर फोनची समज ठरते.

मराठीत चुका कुठे होतात?

*गावांची नावे.* ‘मोडनिंब’ हे नाव ‘मोड’ आणि ‘निंब’ या दोन ओळखीच्या शब्दांसारखे ऐकू येते. मॉडेलने हे गाव फारसे पाहिले नसेल, तर ते नाव तोडून लिहू शकते. कुर्डुवाडी, टेंभुर्णी, अरण अशा आसपासच्या नावांनाही हा धोका आहे. पुणे किंवा मुंबई सहसा चुकत नाही, कारण ती नावे मजकुरात लाखो वेळा आलेली असतात.

*प्रत्यय.* मोडनिंबला, मोडनिंबहून, मोडनिंबच्या, मोडनिंबमधल्या: मराठीत एकाच नावाची अशी अनेक रूपे होतात. इंग्रजीत ‘टू’, ‘फ्रॉम’ हे शब्द वेगळे लिहिले जातात. मराठीत ते नावाला चिकटतात आणि यंत्रासाठी प्रत्येक रूप जवळजवळ नवा शब्द ठरतो.

*आकडे.* ‘सात’ आणि ‘साठ’ यांत एका व्यंजनाचा फरक. ‘एकोणसाठ’ म्हणजे ५९ आणि ‘एकोणसत्तर’ म्हणजे ६९. सुरुवात सारखी आणि फरक शेवटी. गोंगाटात शब्दाचा शेवट दबला की आकडा बदलतो.

*बोलीतली रूपे.* ‘काय करतोयस’ ऐवजी ‘काय करायलायस’, ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’ असे बोलणे सोलापूरकडे सहज कानावर पडते. मॉडेल प्रामुख्याने पुस्तकी किंवा शहरी मराठीवर शिकलेले असेल, तर ते अशा रूपांना जवळच्या प्रमाण शब्दाकडे ओढते किंवा भलताच शब्द लिहिते. सोलापूर जिल्ह्यात मराठीसोबत कन्नड, तेलुगू आणि उर्दूही बोलली जाते. एका वाक्यात दोन भाषा आल्या, तर यंत्राचे काम आणखी अवघड होते.

*भाषेची चुकीची निवड.* ही चूक सर्वांत सोपी आहे आणि सर्वांत जास्त लपते. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जातात. त्यामुळे स्क्रीनवर देवनागरी दिसली की मराठीच निवडली आहे असे वाटते. प्रत्यक्षात सेवा हिंदीवर असू शकते. हिंदी लेखनात ‘ळ’ जवळजवळ येत नाही. ‘केळी’, ‘डाळिंब’, ‘सकाळी’ असे शब्द बोलून पाहा. ‘ळ’ सतत ‘ल’ होत असेल, तर आधी भाषेची सेटिंग तपासा.

अचूकतेचा आकडा काय सांगतो आणि काय लपवतो?

कंपन्या अचूकता सांगताना शब्दांच्या चुकीचा दर देतात. चुकीचे लिहिलेले, गाळलेले आणि जास्तीचे घुसलेले शब्द मोजायचे आणि मूळ शब्दांच्या संख्येने भागायचे. आता आपले पाच शब्दांचे वाक्य घ्या.

फोनने ‘मोडनिंबला’ ऐवजी ‘मोड निंबला’ लिहिले, तर एक शब्द बदलला आणि एक वाढला. चुका दोन, दर ४० टक्के. पण वाचणाऱ्याला अर्थ बरोबर कळतो, नुकसान काहीच नाही.

फोनने ‘साडेबाराशे’ ऐवजी ‘बाराशे’ लिहिले, तर चूक एकच, दर २० टक्के. कागदावर हा निकाल आधीच्यापेक्षा चांगला. प्रत्यक्षात मात्र क्विंटलमागे ५० रुपये गेले.

म्हणजे ‘९५ टक्के अचूक’ अशी जाहिरात वाचली, तरी उरलेले पाच टक्के कोणत्या शब्दांत आहेत हे त्यातून कळत नाही. शिवाय चुकलेला शब्द फोन लाल करून दाखवीलच असे नाही, कारण तो शब्दकोशातला योग्य शब्द असतो. अंदाज पक्का असो वा कच्चा, स्क्रीनवर दोन्ही सारख्याच ठाम अक्षरांत उमटतात.

सोलापूरचे बोलणे यंत्राला कोण शिकवते?

भारतीय भाषांसाठी यावर बरीच वर्षे काम सुरू आहे. शेतमालाचे भाव फोनवर बोलून विचारता यावेत, यासाठी केंद्र सरकारच्या मदतीने आयआयटी मद्रासच्या नेतृत्वाखाली सहा भारतीय भाषांत एक प्रकल्प झाला होता. त्यात मराठीही होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि आयआयटी मुंबईतील संशोधकांनी मराठीचे काम केले. पिकांची, बाजारांची आणि जिल्ह्यांची नावे यंत्राने ओळखावीत, हा त्याचा गाभा होता. राज्य कृषी पणन मंडळाच्या बाजारभावांत ‘कुर्डुवाडी-मोडनिंब’ अशी नोंद दिसते. अशी नावे बोलून विचारता यायची, तर ती यंत्राच्या ओळखीची असावी लागतात.

डिसेंबर २०२२ मध्ये ‘वाणी’ प्रकल्प जाहीर झाला. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि तिथलीच आर्टपार्क ही संस्था तो गूगलच्या साहाय्याने चालवतात. देशातल्या ७७३ जिल्ह्यांतून सुमारे १० लाख लोकांचे दीड लाख तासांहून अधिक बोलणे गोळा करण्याचे उद्दिष्ट आहे. इथे भाषेऐवजी जिल्हा हा आधार धरला आहे. लोकांना चित्र दाखवतात आणि त्याविषयी आपल्या शब्दांत बोलायला सांगतात, त्यामुळे छापील वाक्य वाचल्यासारखे कृत्रिम बोलणे येत नाही. या प्रकल्पाच्या खुल्या संग्रहात महाराष्ट्रातल्या पुणे, नागपूर, सिंधुदुर्ग यांच्याबरोबर सोलापूर जिल्ह्याचाही समावेश आहे.

केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ या उपक्रमाचे उद्घाटन जुलै २०२२ मध्ये गांधीनगरला झाले. आयआयटी मद्रासमधला ‘एआय फॉर भारत’ हा गट २२ भारतीय भाषांसाठी आवाजाचे साहित्य आणि मॉडेले खुली करतो. मोझिला संस्थेच्या ‘कॉमन व्हॉइस’ संकेतस्थळावर कुणीही मराठी वाक्ये वाचून किंवा इतरांची वाक्ये तपासून हातभार लावू शकतो. पीएम किसान योजनेसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला ‘किसान ई-मित्र’ शेतकऱ्यांचे प्रश्न बोलूनही घेतो.

फोन सतत आपले बोलणे ऐकत असतो का?

‘आम्ही फ्रीजबद्दल बोललो आणि लगेच फ्रीजची जाहिरात आली’ असे अनेक जण सांगतात. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप्स तपासली. गुपचूप आवाज रेकॉर्ड करून पाठवणारे ॲप त्यांना आढळले नाही. काही ॲप्स स्क्रीनवरच्या हालचाली टिपून बाहेर पाठवत असल्याचे मात्र दिसले. आपण काय शोधले, कुठे गेलो, कोणते पान पाहिले, एवढ्यावरूनही जाहिरात नेमकी साधते.

‘ओके गूगल’ किंवा ‘सिरी’ अशी हाक सुरू ठेवली असेल, तर फोनमधला एक छोटा कार्यक्रम फक्त त्या हाकेची वाट पाहत असतो. हाक ओळखल्यावरच पुढचे बोलणे सेवेकडे जाते. पण हाकेसारखा दुसरा आवाज आला, तर सेवा चुकून जागी होऊ शकते. काळजीचे खरे कारण इथे आहे.

जुलै २०१९ मध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी या प्रसारण संस्थेच्या हाती गूगल असिस्टंटची हजाराहून अधिक रेकॉर्डिंग लागली. त्यातली काही हाक न मारताच झालेली होती. अचूकता वाढवण्यासाठी सुमारे ०.२ टक्के तुकडे भाषातज्ज्ञ ऐकतात, असे गूगलने तेव्हा सांगितले. सिरीची रेकॉर्डिंग कंत्राटी कर्मचारी ऐकतात, ही बातमीही त्याच सुमारास आली. ॲपलने ते काम थांबवले आणि नंतर ज्यांची संमती असेल त्यांचेच आवाज घेण्याची पद्धत आणली. तेव्हा प्रत्येक शब्द कुणी ऐकतो ही भीती अवास्तव आहे. पण सर्व्हरवर गेलेला आवाज माणसाच्या कानावर कधीच पडत नाही, असेही नाही.

कोणत्या सेटिंग्ज तपासाव्यात?

फोनची कंपनी आणि आवृत्ती यांप्रमाणे नावे थोडी बदलतात. सापडले नाही, तर सेटिंग्जच्या शोध चौकटीत ‘व्हॉइस’ किंवा ‘माइक’ लिहून पाहा.

१. भाषा: जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘व्हॉइस टायपिंग’ उघडा आणि भाषांत मराठी निवडली आहे का ते बघा.

२. माइकची परवानगी: सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी विभागात माइकची परवानगी असलेल्या ॲप्सची यादी मिळते. टॉर्च, वॉलपेपर, साधा गेम अशांना माइकची गरज नसते. त्यांची परवानगी काढून घ्या.

३. माइकची खूण: अँड्रॉइड १२ पासून माइक सुरू असताना स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. आयफोनमध्ये आयओएस १४ पासून केशरी ठिपका दिसतो. आपण बोलत नसताना ती खूण दिसली, तर कोणते ॲप माइक वापरते आहे ते तपासा.

४. साठवलेला आवाज: गूगल खात्यात ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ मध्ये आवाजाच्या नोंदी साठवण्याचा वेगळा पर्याय आहे. तो बंद ठेवता येतो, जुन्या नोंदी पुसताही येतात. आयफोनमध्ये सिरीच्या सेटिंग्जमध्ये सिरी व डिक्टेशनचा इतिहास पुसण्याची सोय आहे.

५. आयफोनचे डिक्टेशन: सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड या क्रमाने गेल्यावर डिक्टेशन सुरू किंवा बंद करता येते.

सेवा बंद केली तर काय होईल?

अँड्रॉइडमध्ये ही सेवा बहुधा काढून टाकता येत नाही, पण निष्क्रिय करता येते. तसे केल्यास फोन बिघडत नाही. मात्र तिच्यावर अवलंबून असलेली बोलून टाइप करण्याची सोय आणि मजकूर वाचून दाखवण्याची सोय थांबू शकते.

घरात दृष्टिहीन किंवा कमी दिसणारी व्यक्ती तोच फोन वापरत असेल, तर जपून. ‘टॉकबॅक’ या सोयीत स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज बहुतेकदा याच सेवेचा असतो. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी गूगलने फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ आणले. समोरच्याचे बोलणे ते लगेच अक्षरांत दाखवते आणि त्याच्या भाषांत मराठीही आहे. ज्यांना टाइप करता येत नाही, त्यांच्यासाठी तर ही सेवा फोन वापरण्याचा एकमेव मार्ग असू शकते. फक्त गोपनीयतेची चिंता असेल, तर आख्खी सेवा बंद करण्याऐवजी हाक ओळखण्याची सोय आणि आवाजाची साठवण तेवढी बंद करणे पुरेसे ठरते.

पैसे, औषध आणि पत्ता: इथे घाई नको

राष्ट्रीय देयक महामंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये बोलून पैसे पाठवण्याची ‘हॅलो यूपीआय’ ही सोय जाहीर केली, आधी हिंदी आणि इंग्रजीत. आवाजाने व्यवहार करणे यापुढे वाढतच जाईल. म्हणून काही सवयी आताच लावून घेतलेल्या बऱ्या.

- यूपीआय पिन, ओटीपी, कार्डाचा क्रमांक कधीही बोलून टाइप करू नका. शेजारी उभा असलेला माणूसही ते ऐकतो.
- महत्त्वाचा आकडा दोन प्रकारे सांगा: “साडेबाराशे, म्हणजे एक हजार दोनशे पन्नास.” दोन्ही जुळले नाहीत, तर वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल.
- औषधाचे प्रमाण बोलून टाइप केले असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघा. ‘अर्धी’ आणि ‘दीड’ यांत गोळीचा फरक आहे.
- लिलावाच्या गोंगाटात, ट्रॅक्टरजवळ किंवा वाऱ्यात बोलायचे असेल, तर फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरा आणि शब्दाचा शेवट स्पष्ट उच्चारा.
- नेहमी चुकणारे गावाचे किंवा माणसाचे नाव कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात टाकून ठेवा. टाइप करताना तरी ते सूचनांत येते.
- भाव किंवा हिशेब पाठवताना आवाजाचाच पुरावा हवा असेल, तर मजकुरासोबत छोटी व्हॉइस नोटही पाठवा.

नेहमीचे प्रश्न

*ही सेवा डेटा किती खाते?* बोललेले सर्व्हरवर जात असेल तर डेटा लागतो, पण व्हिडिओच्या तुलनेत तो फारच कमी असतो. फोनमध्येच काम होत असेल, तर भाषेचे मॉडेल उतरवून घेताना एकदा डेटा लागतो.

*सारखे वापरल्याने फोनला माझा आवाज कळू लागतो का?* काही कीबोर्ड आपण केलेल्या दुरुस्त्यांवरून शब्द शिकतात. पण गावाकडची पूर्ण बोली एका फोनवरच्या वापरातून शिकली जात नाही. त्यासाठी त्या भागातल्या अनेकांचे बोलणे मॉडेलच्या प्रशिक्षणात असावे लागते.

*बोलीत बोलावे की प्रमाण मराठीत?* निरोप कळणे महत्त्वाचे असेल, तर सध्या प्रमाण रूपे जास्त बरोबर उमटतात. यात बोलीची चूक नाही. यंत्राने ती अजून पुरेशी ऐकलेली नाही, एवढेच.

*विरामचिन्हे का येत नाहीत?* सर्व भाषांत ती आपोआप येतात असे नाही. पाठवण्याआधी वाचताना पूर्णविराम आणि स्वल्पविराम हाताने टाकावेत. त्या निमित्ताने मजकूर एकदा वाचून होतो आणि गळालेले ‘साडे’ तेव्हाच सापडते.